४०३ आला, पण नकार दिला कोणी?

ताई, नमस्कार.

मी दोन वर्षं बॅकएंडवर (सर्व्हरच्या बाजूच्या कोडवर) काम करतेय. आमचं जँगो आणि जँगो रेस्ट फ्रेमवर्क या पायथॉनमधल्या साधनांवर बांधलेलं ॲप आहे: टीम, टीमचे प्रकल्प आणि प्रकल्पांचे अहवाल. माझ्या मशीनवर सगळं सुरळीत चालतं. टेस्ट सर्व्हरवर मात्र मोबाइल ॲपकडून येणाऱ्या प्रत्येक रिक्वेस्टला ४०३, म्हणजे ‘मनाई’ चा आकडा मिळतो. वेबवर काही जणांना अहवाल बदलता येत नाही. ॲडमिनमधून परवानगी दिली तरी ४०३ तसाच. काहींना यादीत प्रकल्प दिसतो, पण उघडायला गेलं की ४०४ (‘सापडलं नाही’). त्यातले बहुतेक जण दोन टीममध्ये आहेत. नशिबाने वेबवर अहवाल डाउनलोड करणं तेवढं सगळ्यांना नीट जमतं. तीन दिवस मी परमिशन क्लास (कुणाला काय करू द्यायचं ते ठरवणारा कोड) बदलून बघतेय. टेस्टमध्ये परवानगी देऊन लगेच विचारलं तरी ‘फॉल्स’ (नाही) येतं. काल रात्री शेवटी सगळीकडे अलाऊएनी (कुणालाही आत सोडणारा परमिशन क्लास) लावलं. ४०३ गेले. मोबाइलवर आता अधूनमधून ५०० (सर्व्हरच्या आत काही मोडल्याचा आकडा) येतो, पण तो बघता येईल. सोमवारी रिलीज आहे. तात्पुरतं हे राहू दिलं तर चालेल का? खरं सांगायचं तर हे काम आपल्याला जमण्यातलं नाही, असं वाटायला लागलंय.

— हात टेकलेली

प्रिय मैत्रिणी,

नाही, चालणार नाही. अलाऊएनी आत्ताच काढ, हे पत्र पुढे वाचण्याआधी. टेस्ट सर्व्हरवर खऱ्या डेटाची प्रत ठेवलेली असेल (बहुतेक ठिकाणी असते), तर काल रात्रीपासून ती प्रत उघडी आहे. ॲक्सेस लॉग काढ, या काळात बाहेरून कोणी काय मागितलं ते बघ आणि तुझ्या सीनियरला आजच सांग. चूक कबूल करायची म्हणून नव्हे, तर ती माहिती त्यांच्याकडे असायला हवी म्हणून. ‘तात्पुरतं’ म्हणून उघडलेली एक वाट मी स्वतः एका जुन्या प्रोजेक्टमध्ये तशीच विसरले होते. कित्येक महिन्यांनी ती दुसऱ्याच कुणाला सापडली. अलाऊएनी लावल्यावर तक्रारी बंद होतात, आणि तक्रारी बंद झाल्या की त्या ओळीकडे पुन्हा कुणी फिरकत नाही.

आता तुझ्या पत्रातल्या ज्या वाक्याने मला सगळ्यात जास्त धास्ती वाटली, त्याकडे येते. तू लिहितेस, नशिबाने डाउनलोड सगळ्यांना जमतं. बाकी प्रत्येक ठिकाणी नकार येतोय आणि एकाच ठिकाणी कुणालाच येत नाही. तुझा कोड मी पाहिलेला नाही, पण मी पैज लावेन की डाउनलोड ही व्ह्यूसेटवर (रिक्वेस्टना उत्तरं देणाऱ्या क्लासवर) वेगळी लिहिलेली ॲक्शन आहे आणि तिच्यात अहवाल ‘रिपोर्ट.ऑब्जेक्ट्स.गेट’ अशा डेटाबेसच्या थेट क्वेरीने उचलला आहे.

रेस्ट फ्रेमवर्कमध्ये परवानगी दोन टप्प्यांत तपासली जाते. ‘हॅज_परमिशन’ व्ह्यूत शिरण्याआधी आपोआप चालतं. ‘हॅज_ऑब्जेक्ट_परमिशन’ (त्या एका ऑब्जेक्टपुरती, म्हणजे इथे त्या एका अहवालापुरती तपासणी) मात्र तू ‘गेट_ऑब्जेक्ट’ वापरलंस तरच चालतं, कारण त्याची हाक त्या मेथडच्या पोटात आहे. क्वेरी थेट लिहिलीस की तुझा काळजीपूर्वक लिहिलेला नियम कुणी विचारतच नाही. चूक दिसत नाही, लॉग येत नाही, ४०३ येत नाही. अशा वेळी लॉगिन केलेल्या कुणीही पत्त्यातला आकडा ४१ चा ४२ केला की परक्या टीमचा अहवाल हातात. एका टीममधलं साधं खातं घे, दुसऱ्या टीमच्या अहवालाचा आयडी टाक आणि बघ. फाइल उतरली तर रिलीज अडवण्याचं कारण ते आहे. बाकीचे ४०३ त्यापुढे किरकोळ. दुरुस्ती एका ओळीची आहे: थेट क्वेरी काढून ‘सेल्फ.गेट_ऑब्जेक्ट()’ लिही. काही कारणाने ते शक्य नसेल तर ऑब्जेक्ट उचलल्यावर ‘चेक_ऑब्जेक्ट_परमिशन्स’ ला स्वतः हाक मार.

हा दोष काही दुर्मिळ नाही. ओवॅस्प ही संस्था वेब ॲप्लिकेशनमधल्या मोठ्या धोक्यांची यादी काढते. तिच्या २०१७ च्या यादीत ‘ब्रोकन ॲक्सेस कंट्रोल’ (परवानगीची मोडकी तपासणी) पाचवं होतं, २०२१ च्या यादीत ते पहिलं झालं. नको त्याला ‘हो’ म्हटल्याची तक्रार कुणी करत नाही, म्हणून तो दोष शोधायला आपल्यालाच मुद्दाम जावं लागतं.

आता तुझे ४०३. तीन दिवस तू परमिशन क्लास बदलतेयस, आणि मला वाटतं तिथेच ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ झालंय. नकार आला एवढं तुला माहीत आहे. तो कोणी दिला हे अजून ठरलेलं नाही. रिक्वेस्ट आत येताना कितीतरी दारं ओलांडते: समोरचा वेब सर्व्हर, मिडलवेअर (प्रत्येक रिक्वेस्ट वाटेत ज्यातून जाते तो कोड), सीएसआरएफची तपासणी (परक्या साइटने वापरणाऱ्याच्या नावाने रिक्वेस्ट पाठवली नाही ना, ही), ओळख पटवणं, व्ह्यूची परवानगी, क्वेरीसेटची गाळणी (डेटाबेसमधल्या कुठल्या नोंदी घ्यायच्या ती) आणि शेवटी त्या एका ऑब्जेक्टची परवानगी. यातल्या बऱ्याच दारांवरून बाहेर एकच आकडा दिसतो. म्हणून कोडला हात लावण्याआधी प्रत्येक तक्रारीसाठी तीन गोष्टी लिहून काढायच्या: सर्व्हरच्या मते समोर कोण आहे, नकार कुठल्या दारावर झाला, आणि त्या दाराने नेमका कुठला प्रश्न विचारला.

मोबाइलपासून सुरू कर, कारण त्याचं उत्तर तूच पत्रात लिहून टाकलंयस. अलाऊएनी लावल्यावर तिथे ५०० यायला लागला. तो लॉगमध्ये उघडून बघ. ‘आयडीच्या जागी आकडा हवा होता, मिळाला अ‍ॅनॉनिमसयूजर’ अशा अर्थाचा टाइपएरर असण्याची दाट शक्यता आहे. तुझ्या क्वेरीसेटमध्ये ‘टीमचे सदस्य म्हणजे रिक्वेस्ट.यूजर’ अशी गाळणी असणार, आणि तिला अनोळखी माणूस देता येत नाही. म्हणजे मोबाइलवरून येणाऱ्याला सर्व्हर ओळखतच नव्हता. परवानगीचा तिथे संबंधच आला नाही, आणि तरी तू तीन दिवस परवानगीच दुरुस्त करत होतीस.

मग ४०१ न येता ४०३ का आला? ४०१ चं इंग्रजी नाव ‘अनऑथराइज्ड’ असलं तरी त्याचा अर्थ ‘तुझी ओळख पटलेली नाही’ असा आहे. ‘ओळखलं, पण परवानगी नाही’ म्हणजे ४०३. नावातच घोळ असल्याने किती जणांचे किती तास गेले असतील कोण जाणे. आता एचटीटीपीचा नियम असा (जून २०२२ चं आरएफसी ९११० हे त्याचं अधिकृत मानक बघ) की ४०१ पाठवताना ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-ऑथेंटिकेट’ हेडर द्यावाच लागतो, म्हणजे ओळख कशी पटवायची ते सांगावं लागतं. सेशन कुकीसाठी (ब्राउझर लॉगिन लक्षात ठेवतो ती खूण) असा हेडर नाही. त्यामुळे सेटिंग्जमधल्या ऑथेंटिकेशन क्लासच्या यादीत पहिला सेशनऑथेंटिकेशन असेल, तर रेस्ट फ्रेमवर्क ४०१ च्या जागी ४०३ पाठवतं. यादीतला पहिला क्लास हा निर्णय करतो. टोकनऑथेंटिकेशन (हेडरमधल्या गुप्त टोकनवरून ओळख पटवणारा) पहिला ठेवलास की अनोळखी माणसाला ४०१ मिळू लागेल आणि निम्मा गोंधळ तिथेच ओसरेल. बेसिकऑथेंटिकेशन मात्र पहिला ठेवू नकोस, ब्राउझर स्वतःची लॉगिनची चौकट उघडून बसतो.

तोपर्यंत आकड्यावर न जाता उत्तराचा मजकूर वाच. ‘ऑथेंटिकेशन क्रेडेन्शियल्स वर नॉट प्रोव्हायडेड’ असेल तर ओळख पटलेली नाही. ‘यू डू नॉट हॅव परमिशन टू परफॉर्म धिस ॲक्शन’ असेल तर ओळख पटली आणि परमिशन क्लासने नकार दिला. ‘सीएसआरएफ फेल्ड’ ने सुरुवात असेल तर तिसरंच दार. तिन्ही ४०३ च्याच पोटात येऊ शकतात. मोबाइल ॲप हा मजकूर बहुधा टाकून देतं आणि वापरणाऱ्याला ‘काहीतरी चुकलं’ एवढंच दाखवतं. म्हणून हीच रिक्वेस्ट कर्लने (टर्मिनलवरून रिक्वेस्ट पाठवणाऱ्या साधनाने) स्वतः मारून बघ.

ओळख का पटत नाही याची दोन कारणं मी आधी तपासेन. तुझ्या मशीनवर तू ब्राउझरमधून, सेशनने लॉगिन करून बघत असणार. टोकनची वाट तिथे कधी चाललीच गेलेली नाही. मोबाइल ॲप टोकनच्या आधी ‘बेअरर’ हा शब्द लिहीत असेल आणि तू रेस्ट फ्रेमवर्कचं साधं टोकनऑथेंटिकेशन वापरत असशील, तर ते ‘टोकन’ हा शब्द शोधतं. तो सापडला नाही तर ‘टोकन चुकीचं’ असंही म्हणत नाही, हेडर आपल्यासाठी नाहीच असं समजून पुढे जातं आणि माणूस अनोळखी राहतो. दुसरं कारण, टेस्ट सर्व्हरवर अपाची हा वेब सर्व्हर आणि त्याला पायथॉनशी जोडणारं मॉड-डब्ल्यूएसजीआय असेल तर ते ‘ऑथरायझेशन’ हेडर मुळात पायथॉनपर्यंत पोहोचू देत नाही. अपाचीच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘डब्ल्यूएसजीआय-पास-ऑथरायझेशन ऑन’ लिहावं लागतं. कोणतं कारण आहे हे ओळखायला व्ह्यूच्या आधी एक छोटं मिडलवेअर लाव आणि तो हेडर आला की नाही, आला तर त्याचा पहिला शब्द कोणता, एवढंच लॉगमध्ये लिही. टोकन लॉगमध्ये उतरवू नकोस. लॉग वाचणारे हात बरेच असतात.

वेबवर अहवाल बदलता न येणं ही वेगळी कहाणी आहे, आणि यात माणूस सहज फसतो. आधी हे तपास: ज्यांना अहवाल बदलता येतो ते सगळे सुपरयूजर (सगळं करू शकणारी खाती) आहेत का? टेस्ट सर्व्हरवर निम्म्या लोकांना सोयीसाठी सुपरयूजर करून ठेवलेलं असतं, आणि तुझं स्वतःचं खातं तर नक्कीच तसं असेल. चालू असलेलं सुपरयूजर खातं ‘हॅज_पर्म’ ला (परवानगी आहे का हे विचारणारी जँगोची मेथड) काहीही विचारलं तरी ‘ट्रू’ देतं. नाव चुकीचं लिहिलं तरी, अस्तित्वात नसलेली परवानगी विचारली तरी. त्या खात्याने केलेली चाचणी परवानगीबद्दल काहीच सांगत नाही. माझं म्हणणं ऐकशील तर रोजच्या कामासाठी आजच एक साधं खातं बनव आणि सुपरयूजर फक्त ॲडमिनपुरतं ठेव.

आता तुझा परमिशन क्लास उघड. ‘हॅज_पर्म’ ला परवानगीच्या नावासोबत तो अहवालही दिला आहेस का? दिला असशील तर उत्तर सापडलं. परवानग्या तपासणारा जँगोचा मूळ मॉडेलबॅकएंड एकेका ऑब्जेक्टची परवानगी जाणत नाही. ऑब्जेक्ट दिला की तो परवानग्यांचा रिकामा संच परत करतो, म्हणजे उत्तर ‘फॉल्स’. ॲडमिनमधून कितीही परवानग्या दिल्यास तरी ‘फॉल्स’. आणि सुपरयूजरचा निकाल बॅकएंडपर्यंत जाण्याआधीच लागतो, म्हणून तुला ते कधीच दिसलं नाही. क्लास बदलून काही होणार नव्हतं, कारण प्रश्नच असा विचारला जात होता की ज्याचं उत्तर ‘नाही’ हेच ठरलेलं. यावर माझा उपाय साधा आहे: ‘हॅज_पर्म’ ला ऑब्जेक्ट देऊ नकोस, ‘या माणसाला अहवाल बदलण्याची परवानगी आहे का’ एवढंच विचार, आणि ‘हा अहवाल त्याच्या टीमचा आहे का’ ही तुलना पुढच्या ओळीत स्वतः कर. ऑब्जेक्टनिहाय परवानग्या साठवणारं जँगो-गार्डियन आहे, चांगलं आहे, पण नियम ‘आपल्या टीमचं ते आपलं’ इतकाच असेल तर त्याचं ओझं मी घेणार नाही.

तिथेच असताना परवानगीचं नाव अक्षर अक्षर जुळवून बघ. आधी ॲप-लेबल, मग टिंब, मग कोडनेम: ‘रिपोर्ट्स.चेंज_रिपोर्ट’. नाव चुकलं तर जँगो ओरडत नाही, शांतपणे ‘फॉल्स’ देतं. खातं ‘इज_ॲक्टिव्ह’ (चालू) नसेल तरी तेच. नकार असे मुके असल्यामुळेच मी प्रत्येक परमिशन क्लासला स्वतःचा ‘मेसेज’ देते. रेस्ट फ्रेमवर्क तोच मजकूर उत्तरात पाठवतं आणि कुठल्या क्लासने अडवलं ते लगेच कळतं. पण हा मजकूर बाहेरच्यालाही दिसतो. त्यात ‘तुम्ही अमुक टीमचे सदस्य नाही’ असली आतली माहिती नको. सविस्तर कारण लॉगमध्ये: कोण, कुठली ॲक्शन, कुठला क्लास, कुठला ऑब्जेक्ट. त्यासाठी ‘चेक_परमिशन्स’ आणि ‘चेक_ऑब्जेक्ट_परमिशन्स’ एका मिक्सिनमध्ये (अनेक व्ह्यूंना जोडता येणाऱ्या छोट्या क्लासमध्ये) ओव्हरराइड केलेस की पुरे. पंधरा-वीस ओळींचं काम आहे, आणि तीन दिवसांआधी ते केलं असतंस तर हे पत्र लिहायची वेळ बहुधा आली नसती.

टेस्टमधल्या ‘फॉल्स’ चं कारण वेगळं आणि छोटं आहे. यूजर ऑब्जेक्टला पहिल्यांदा परवानगी विचारली की तो सगळ्या परवानग्या स्वतःजवळ साठवून ठेवतो. त्यानंतर तू परवानगी दिलीस तरी तो जुनंच सांगतो, आणि ‘रिफ्रेश_फ्रॉम_डीबी’ ने ती साठवण पुसली जात नाही. यूजर डेटाबेसमधून नव्याने उचल. प्रत्यक्ष सर्व्हरवर ही अडचण येत नाही, कारण तिथे प्रत्येक रिक्वेस्टला यूजर नव्याने वाचला जातो. पुढे कधी जेडब्ल्यूटीवर (आतच माहिती बाळगणाऱ्या टोकनवर) गेलात आणि भूमिका टोकनमध्येच लिहिल्यात, तर मात्र काढून घेतलेली परवानगी टोकनची मुदत संपेपर्यंत जिवंत राहील, हे लक्षात असू दे.

४०४ बद्दल. तो नकार परमिशन क्लासपर्यंत पोहोचतच नाही. ‘गेट_ऑब्जेक्ट’ आधी ‘गेट_क्वेरीसेट’ मधून शोधतं. तिथल्या गाळणीतून वस्तू पडली की ती ‘नाहीच’, आणि ऑब्जेक्टची परवानगी विचारायचा प्रश्न उरत नाही. हे मुळात चांगलं आहे: परक्या टीमचा प्रकल्प अस्तित्वात आहे हेसुद्धा कळू न देण्यासाठी ४०३ च्या जागी ४०४ देणं एचटीटीपीला मान्य आहे. पण तुझ्याकडे माणसं सदस्य असून त्यांना ४०४ मिळतोय, आणि ती दोन टीममध्ये आहेत. तू दिलेला हा तपशील फार मोलाचा आहे. ‘गेट_क्वेरीसेट’ मध्ये टीम पत्त्यातल्या पॅरामीटरवरून ठरते का बघ. यादी मागताना फ्रंटएंड टीमचा आयडी जोडतं, एक प्रकल्प उघडताना जोडत नाही, आणि मग कोड मुकाट्याने ‘यूजरची पहिली टीम’ धरतो, असा प्रकार मला दिसतोय. एकाच टीममधल्यांना फरक पडत नाही. दोनवाल्यांची दुसरी टीम गायब. क्वेरीसेटची सुरुवात ‘या माणसाच्या सगळ्या टीमचे प्रकल्प’ इथून कर, आणि पॅरामीटर आला तर फक्त आणखी गाळ. पॅरामीटर सोयीसाठी असावा, अधिकार त्यावरून ठरू नये.

सीएसआरएफवर फार वेळ घालवत नाही, तुझ्या तक्रारींत तो दिसत नाही. डोमेन बदलून ४०३ आले तर ‘सीएसआरएफ_ट्रस्टेड_ओरिजिन्स’ बघ. डिसेंबर २०२१ च्या जँगो ४.० पासून तिथे पत्ता ‘एचटीटीपीएस’ सकट लिहावा लागतो.

हे सगळं टेस्टमध्ये का सापडलं नाही, असं तुझ्या मनात येईल. ‘फोर्स_ऑथेंटिकेट’ वापरत असशील तर टेस्ट ओळख पटवण्याची पायरी ओलांडून जाते, म्हणून हेडरचा घोळ तिथे कधीच उघडा पडणार नाही. निदान एक टेस्ट खरं टोकन हेडरमध्ये घालून लिही. बाकीच्यांसाठी कागदावर तक्ता काढ. डावीकडे माणसं: अनोळखी, बंद केलेलं खातं, परक्या टीमचा सदस्य, परवानगी नसलेला सदस्य, परवानगी असलेला सदस्य, दोन टीमचा सदस्य. वर क्रिया: यादी, उघडणं, बदलणं, काढून टाकणं, डाउनलोड. प्रत्येक घरात अपेक्षित आकडा लिही. काही घरांपाशी तू थबकशील, कारण तिथे काय व्हायला हवं हे तुमच्यात कुणी ठरवलेलंच नसेल. ती घरं सीनियरकडे घेऊन जा. तो प्रश्न कोडचा नाही. मग तक्ता जसाच्या तसा टेस्टमध्ये उतरव, आणि ‘नाही’ ची घरं आधी.

सेटिंग्जमध्ये ‘डीफॉल्ट_परमिशन_क्लासेस’ लिहिलेलं आहे का तेही बघ. नसेल तर रेस्ट फ्रेमवर्कचा मूळ डीफॉल्ट अलाऊएनी हाच आहे. तिथे इजऑथेंटिकेटेड (फक्त ओळख पटलेल्यांना प्रवेश) लिही, म्हणजे पुढे कुणी घाईत नवा व्ह्यू लिहिला आणि परवानगी विसरला तरी दार बंद राहील.

तू हात टेकलेस, पण मला तुझ्या पत्रात वेगळं दिसलं. तू कुणाला, कुठे, कुठला आकडा येतो हे वेगवेगळं लिहिलंस, दोन टीमचा धागा टिपलास, ५०० चा उल्लेख गाळला नाहीस. मी जे काही सांगू शकले ते या नोंदींवरून. ही कामं अवघड वाटतात, कारण नकार देणारा कोड बाहेरच्या माणसाला मुद्दाम कमी सांगतो, आणि आपणही त्याच्याशी बाहेरूनच बोलत बसतो. आत लॉग लावलास की तुला त्याचं म्हणणं ऐकू येईल.

सोमवारचं असं कर. आज अलाऊएनी काढणं, लॉग बघणं, डाउनलोड तपासणं. डाउनलोड उघडं निघालं आणि दुरुस्त होऊन टेस्ट झालं नाही, तर तेवढी ॲक्शन बंद ठेवून रिलीज करा. सीनियरना हा पर्याय स्पष्ट शब्दांत लिहून दे. मोबाइलचं टोकन आणि ‘हॅज_पर्म’ एका दिवसात होईल. क्वेरीसेट घाईत बदलू नकोस, त्याला तक्ता तयार झाल्यावरच हात लाव. दोन टीमवाल्यांना आणखी दोन दिवस ४०४ दिसला तरी चालेल. परक्या टीमचा आयडी टाकल्यावर काय उतरलं, ते मला कळव.

तुझी,
ताई